पंपाची सवय लागते म्हणे: एका फिरत्या संदेशातल्या दाव्यांचा प्रतिवाद

थंडीची चाहूल लागली की दम्याबद्दलचा एक लांबलचक संदेश घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: पंप एकदा सुरू केला की जन्माचा मागे लागतो. त्यात स्टेरॉइड असतं, त्याने हाडं ठिसूळ होतात आणि मुलांची उंची खुंटते. म्हणून आधी सिरप आणि गोळ्या घ्याव्यात, पंप ही शेवटची पायरी. घ्यावाच लागला तर त्रास होईल तेव्हाच घ्यावा, गरोदर बाईने तर मुळीच घेऊ नये. केळी, दही, भात बंद करावा आणि अमुक पुडी ४० दिवस घ्यावी, दमा मुळापासून जातो. रात्री धाप लागली तर लसणाचं तेल चोळावं आणि गरम वाफ द्यावी.

पुढे पाठवणारे बहुतेक जण काळजीपोटीच पाठवतात. म्हणूनच उत्तर नीट द्यायला हवं, कारण या भीतीने माणसं दगावतात. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या जागतिक अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास ४२ टक्के भारतात होतात. यामागे कारणं अनेक आहेत. श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा तोकडा वापर हे त्यांतलं एक मोठं.

‘पंप जन्माचा मागे लागतो’

पंपात नेमकं कोणतं औषध आहे, हे न बघता केलेलं हे विधान आहे. दम्यात श्वासनलिकांचं तीन प्रकारे बिघडतं: भोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साचतो. साल्ब्युटामॉलचा पंप फक्त स्नायू सैल करतो. पाचेक मिनिटांत आराम पडतो आणि तो चार ते सहा तास टिकतो. सुजेवर त्याचा काहीच परिणाम नाही. सूज उतरवतं ते ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्ल्युटिकासोनसारखं स्टेरॉइड. त्याने लगेच काही जाणवत नाही, गुण यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात.

स्टेरॉइडच्या पंपाची तलफ येत नाही आणि तेवढ्याच गुणासाठी मात्राही वाढवत न्यावी लागत नाही. पंप बंद केल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा धाप लागते, ती दबलेली सूज परत आल्यामुळे. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब वाढला तर त्याला कुणी गोळीचं व्यसन म्हणत नाही.

उलट, तीन महिने दमा आटोक्यात राहिला की मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी उतरवून बघतात, मग पुन्हा तीन महिने थांबतात. बरेच जण याच रीतीने अगदी कमी मात्रेवर येतात. लहानपणी छाती घरघरणाऱ्या कित्येक मुलांना मोठेपणी औषध लागतच नाही. मोठ्या माणसाने मात्र स्टेरॉइड आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये.

या दाव्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो लपवू नये. नुसत्या साल्ब्युटामॉलवर रोज निभावून नेलं, तर हळूहळू त्याचा गुण कमी होतो आणि श्वासनलिका जास्त चिडखोर होतात. माणसाला वाटतं पंप लागू पडतोय, कारण पाच मिनिटांत मोकळं होतं. आत सूज वाढत असते. म्हणूनच ‘जिना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा या संस्थेने २०१९ पासून सांगितलं आहे की मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, सोबत स्टेरॉइड हवंच.

याचा हिशेब घरी करता येतो. साल्ब्युटामॉलच्या एका डबीत २०० फवारे असतात. वर्षाला तीन डब्या म्हणजे ६०० फवारे, दिवसाला सरासरी दोनही नाहीत. तरी एवढ्या वापरालाच दम्याचा झटका येण्याचा धोका वाढलेला आढळतो. महिन्याला एक डबी संपत असेल, तर मृत्यूचा धोका वाढतो. घरातल्या कुणाची डबी महिन्याभरात रिकामी होत असेल, तर नवी आणायला जाताना पाय आधी डॉक्टरांकडे वळले पाहिजेत.

‘स्टेरॉइडने शरीर पोखरतं’

इथे आकडे बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. ब्युडेसोनाइडचा २०० मायक्रोग्रॅमचा फवारा सकाळ-संध्याकाळ एकेक घेतला तर दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम औषध होतं. झटका आल्यावर मोठ्या माणसाला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या बहुधा रोज ४० मिलिग्रॅम, अशा पाच दिवस देतात. एकूण २०० मिलिग्रॅम. वजनाने बघितलं तर पाच दिवसांच्या गोळ्या म्हणजे पंपाचे ५०० दिवस.

नुसत्या वजनाची तुलना पुरी पडत नाही, हेही सांगायला हवं. ब्युडेसोनाइड मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जास्त जहाल आहे. पण त्याचा जो भाग घशातून पोटात जातो, त्यातला सुमारे ९० टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. गोळी मात्र रक्तातून हाडं, डोळे, साखर, सगळीकडे फिरते. आयुष्यात गोळ्यांचे चार-पाच कोर्स झाले तरी हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू आणि मधुमेह यांचा धोका वाढतो. पंपाला घाबरून जो वर्षातून दोनदा गोळ्यांवर येतो, तो ज्याला भितो तेच जास्त प्रमाणात पोटात घेतो.

पंपाचे दुष्परिणाम नाहीत असं नाही. तोंडात पांढरे चट्टे येणं आणि आवाज बसणं हे नेहमीचे. दोन्हींवर तोडगा म्हणजे स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) वापरणं आणि फवाऱ्यानंतर पाण्याने खळखळून गुळणी करून ते थुंकणं. दात घासण्याच्या आधी पंप घ्यायचा असं ठरवून टाकलं की गुळणी विसरत नाही. दिवसाला ८०० मायक्रोग्रॅमहून जास्त ब्युडेसोनाइड वर्षानुवर्षं घेतलं, तर हाडं, डोळे आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून तर मात्रा उतरवत न्यायची.

मुलांच्या उंचीबद्दल आई-वडिलांची भीती खरीखुरी आहे, तिला उडवून लावू नये. रोज ब्युडेसोनाइड घेणाऱ्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी एखाद सेंटीमीटरने कमी भरल्याचं दीर्घ अभ्यासात दिसलं आहे. हा फरक मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत पडतो, दरवर्षी वाढत जात नाही. दुसऱ्या बाजूला, आटोक्यात नसलेला दमा, खोकल्याने मोडणारी झोप आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचे वारंवार कोर्स यांनीही वाढ खुंटते. दर तीन-सहा महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहावी. वाढीचा वेग मंदावलेला दिसला तर ती वही डॉक्टरांना दाखवावी.

‘आधी गोळ्या-सिरप, पंप शेवटी’

नेमकं उलटं. साल्ब्युटामॉलचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत अशा ४० फवाऱ्यांएवढं औषध असतं. पाच मिलिलिटरला दोन मिलिग्रॅम असलेल्या सिरपच्या एका चमच्यात २० फवाऱ्यांएवढं. हात थरथरणं, छाती धडधडणं, मूल रात्रभर न झोपणं हे याच जादा औषधामुळे. शिवाय पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात जायला वेळ लागतो. डोळा आला तर थेंब डोळ्यातच घालतो, तसंच हे.

डेरिफायलिनसारख्या गोळ्या सौम्य समजून वर्षानुवर्षं घेणारे अनेक आहेत. त्यातल्या थिओफायलिनची गुणकारी पातळी आणि घातक पातळी एकमेकींच्या फार जवळ असतात. त्यातच जुलाबासाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झालं, तर थिओफायलिन रक्तात साचतं. मळमळ, उलट्या, धडधड होते, क्वचित फिटही येते. ही गोळी चालू असेल तर कुठल्याही नव्या डॉक्टरला आधी ती सांगावी.

पंप ही उपचाराची पहिलीच पायरी आहे. दोन वर्षांच्या मुलालाही मास्क लावलेल्या स्पेसरमधून तो देता येतो.

‘पंपाने फरकच पडत नाही’

संदेशाच्या खाली हे वाक्य कुणी ना कुणी लिहितंच. बहुतेक वेळा औषध बरोबर असतं, पण ते फुप्फुसात पोचतच नाही. फवाऱ्याच्या साध्या पंपातून नीट घेतलं तरी औषधाचा साधारण दहा ते वीस टक्केच भाग खाली जातो. पद्धत चुकली तर जवळजवळ काहीच नाही.

फवाऱ्याचा पंप घ्यायची रीत अशी. झाकण काढून पंपाच्या तोंडात कचरा नाही ना ते बघायचं. डबी चार-पाच वेळा हलवायची, कारण औषध आणि फवारा उडवणारं द्रव्य वेगळं झालेलं असू शकतं. पंप नवा असेल किंवा आठवडाभर पडून असेल तर दोन फवारे हवेत सोडायचे. ताठ बसून श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पण पंपात नाही. पंप दातांमध्ये धरून त्याच्याभोवती ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करायची आणि त्याच क्षणी डबी एकदाच दाबायची. चार-पाच सेकंद हळूहळू ओढत राहायचं. मग दहा सेकंद श्वास रोखून धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने, डबी पुन्हा हलवून.

नेहमीच्या चुका ओळखायला सोप्या आहेत. आधी दाबून मग ओढलं तर औषध जिभेवर बसतं. जोरात ओढलं तर घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं. एका श्वासात दोन फवारे मारले तर दुसरा वाया जातो. आरशासमोर बसून घ्यावं. तोंडाच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून वाफेसारखं काही बाहेर पडताना दिसलं, तर तेवढं औषध गेलं.

दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नसेल तर स्पेसर घ्यावा. आमच्या मते तो सगळ्यांनीच वापरावा, निदान स्टेरॉइडसाठी. एक फवारा स्पेसरमध्ये सोडायचा आणि लगेच सावकाश एक मोठा श्वास घेऊन रोखायचा. मुलांनी चार-पाच साधे श्वास घ्यायचे. मास्क असेल तर तो नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे. मूल रडत असताना देऊन उपयोग नाही, रडण्यात औषध आत फारसं जात नाही. स्पेसर धुतात कोमट पाण्यात साबणाचे थेंब टाकून, आणि मग तसाच निथळत वाळवतात. फडक्याने आतून पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि पुढचे कित्येक फवारे भिंतीलाच चिकटून बसतात. घरात स्पेसर नसताना अडचण आली, तर ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडून काम भागतं. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनमध्ये मुलांवर हे तपासून पाहिलं गेलं आहे आणि सांधा पक्का असेल तर बाटली चांगलं काम करते.

कॅप्सूलच्या यंत्राची रीत वेगळी. रोटाहेलरच्या चौकोनी भोकात कॅप्सूल पारदर्शक टोक पुढे करून दाबून बसवायची, बूड फिरवून ती उघडायची, मग तोंडात धरून जोरात आणि खोल ओढायचं. इथे सावकाश ओढलं तर पूड उठतच नाही. यंत्रात फुंकर गेली की ओलाव्याने पुडीच्या गुठळ्या होतात. घेतल्यावर उघडून बघावं, पूड उरली असेल तर पुन्हा ओढावं. कोकणातल्या पावसाळ्यात कॅप्सुलांची बाटली लगेच बंद करावी आणि कॅप्सूल घेण्याच्या क्षणीच बाहेर काढावी. या कॅप्सुला पाण्याबरोबर गिळणारे लोक कमी नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा समोर घेऊन दाखवायला सांगा.

डबी संपली की नाही हे हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपल्यावरही नुसतं उडवणारं द्रव्य फवाऱ्यासारखं बाहेर येत राहतं, आणि पाण्यात बुडवल्याने नळी चोंदते. आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर हिशेब करावा: १२० फवाऱ्यांची डबी, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे ३० दिवस. संपण्याची तारीख मार्करने डबीवरच लिहून ठेवावी.

‘त्रास होईल तेव्हाच घ्यावा’

नुसत्या स्टेरॉइडच्या पंपासाठी हा सल्ला घातक आहे. तो रोज घ्यायचा असतो, बरं वाटत असताना तर नक्कीच.

एका औषधजोडीला मात्र ‘लागेल तेव्हा’ ही पद्धत मान्य आहे: ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच श्वासनलिका मोकळ्या करतं आणि त्याच फवाऱ्यातून स्टेरॉइडही आत जातं. सौम्य दम्यात ही जोडी लागेल तेव्हाच, तर मध्यम दम्यात रोज आणि वर लागेल तेव्हा देतात. सहा मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल असलेल्या पंपाचे मोठ्या माणसाला दिवसाला सगळे मिळून १२ फवारे ही कमाल मर्यादा. तिच्या जवळ जायची वेळ आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

साल्मेटेरॉल आणि फ्ल्युटिकासोन ही दुसरी जोडी दिसायला तशीच, पण साल्मेटेरॉल हळू काम करतं. धाप लागलेली असताना ती घेऊन भागत नाही. डबीच्या रंगावर विसंबू नका, दर कंपनीचे रंग वेगळे. नाव वाचा, आणि कोणती डबी रोजची, कोणती अडचणीची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

गरोदरपण आणि खाणंपिणं

गरोदरपणी दमा बळावला तर आईच्या रक्तातला प्राणवायू घटतो आणि बाळाचाही. वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ हे धोके आटोक्यात नसलेल्या दम्याचे आहेत. ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल यांचा गरोदरपणातला अनुभव मोठा आणि दिलासा देणारा आहे. दिवस राहिल्याचं कळल्यावर पंप बंद करणं ही मोठी चूक.

केळी, दही, भात सरसकट सोडायचं कारण नाही. एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होत असेल तर तेवढा टाळावा. उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका, फटाक्यांचा धूर, ओल आलेल्या भिंती, विडी-सिगारेट यांकडे आधी बघा. दम्यात वाढत्या मुलाचं दूध-दही-केळी काढून घेतलं, तर दमा तसाच राहतो आणि मूल मात्र वाळतं.

‘पुडीने मुळापासून जातो’

दमा आपसूक कमी-जास्त होतो. ऋतू पालटला, परागकण ओसरले, घर बदललं की महिनोन्महिने त्रास नसतो. लोक औषध शोधायला निघतात ते त्रास शिगेला पोचल्यावर, त्यामुळे पुढचा उतार त्या औषधाच्या खात्यावर जमा होतो. हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर जिवंत माशातून देतात ते औषध असो की कोजागिरीच्या रात्री खिरीतून देतात ते, त्यांनी दमा बरा होतो असा पुरावा नाही. ज्याची त्याची श्रद्धा असते, त्यावर आमचं म्हणणं नाही. पण त्यासाठी रोजचा पंप बंद करू नये.

बिननावाची पुडी हा वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या गेलेल्या अशा पुड्यांत आणि गोळ्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं तपासणीत सापडलं आहे. म्हणजे पंपातल्या स्टेरॉइडला भिऊन माणूस न मोजलेलं स्टेरॉइड पोटात घेतो. खुणा लक्षात ठेवा: दोन-तीन दिवसांत चमत्कार वाटावा असा आराम, भूक सपाटून वाढणं, चेहरा गोल होणं, पोट सुटणं, साखर वाढणं, कातडीवर जरा लागलं की काळंनिळं होणं. अशी पुडी महिनोन्महिने चालू असेल तर ती एकदम बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड थंडावलेलं असतं, अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. उरलेली पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस घेतली ते खरं सांगा.

‘रात्री धाप लागली तर लसणाचं तेल आणि गरम वाफ’

तेल चोळायला आणि पाणी उकळायला जी वीस मिनिटं जातात, तीच खरी मोलाची असतात. गरम वाफेने श्वासनलिका मोकळ्या होत नाहीत, आणि भांडं उलटून मुलं भाजतात ते वेगळंच.

करायचं ते असं. ताठ बसवा, आडवं करू नका. साल्ब्युटामॉलचे चार फवारे स्पेसरमधून द्या, पण एका वेळी एकच, प्रत्येकासाठी चार श्वास. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार. डॉक्टरांनी फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडची लेखी योजना दिली असेल तर तिच्याप्रमाणे चाला. नेब्युलायझर नाही म्हणून हातपाय गाळू नका, सौम्य आणि मध्यम झटक्यात पंप आणि स्पेसर तेवढंच काम करतात.

दुसऱ्या फेरीनंतरही आराम नसेल तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे देत राहा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध ओढत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात असेल, ऑक्सिमीटर ९२ च्या खाली दाखवत असेल, तर दुसऱ्या फेरीची वाट न बघता आधी फोन. ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय पण माणूस बोलू शकत नाही, अशा वेळी माणसाकडे बघा. घरघर एकाएकी थांबली आणि माणूस पेंगायला लागला, तर तो आराम नव्हे. हवा आत जाईनाशी झाल्याची ती खूण आहे.

झटका घरीच आटोक्यात आला तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना सगळ्या डब्या आणि स्पेसर पिशवीत टाकून न्या.